बाबांचा आतड्याचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे, घरात कसं वागायचं ते कळत नाही

उंबरठा

पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबा ६७ वर्षांचे. तीन महिन्यांपूर्वी अचानक पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, गॅससुद्धा सरेना. रात्रीच ऑपरेशन करावं लागलं. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये गाठ होती आणि तिने आतडं पूर्ण बंद केलं होतं. गाठ काढली, पोटावर स्टोमा केला, म्हणजे मळ पिशवीत यायला पोटावर वाट काढली. नंतरच्या स्कॅनमध्ये लिव्हरच्या दोन्ही भागांत गाठी दिसल्या. म्हणजे चौथी स्टेज. आता फोलफॉक्स नावाची केमो आणि जोडीला बेव्हॅसिझुमॅब हे औषध, दर दोन आठवड्यांनी. तीन सायकल, म्हणजे केमोच्या तीन फेऱ्या, झाल्या.

बाबांना आम्ही एवढंच सांगितलंय की गाठ काढली, आता परत होऊ नये म्हणून केमो. लिव्हरचं सांगितलेलं नाही. आई म्हणते, कळलं तर खचतील. दादाचंही तेच मत. डॉक्टरांकडे आधी दादा एकटा आत जातो, मग बाबांना बोलावतो. मला हे पटत नाही, पण आईसमोर बोलायचं धाडस होत नाही.

काल बाबा शर्टाची बटणं लावत होते. बोटांना मुंग्या असतात, त्यामुळे बटण चिमटीत येतच नव्हतं. तिसऱ्या बटणाशी अडले. मी पुढे झाले आणि पटापट सगळी लावून टाकली. ते काही बोलले नाहीत. हात तसेच छातीपाशी धरून उभे राहिले. तेव्हापासून ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

प्रश्न खूप आहेत. इम्युनोथेरपीबद्दल, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांबद्दल, सगळीकडे वाचते, मग ती आम्हाला का देत नाहीत? सीईए, म्हणजे रक्तातला कॅन्सरचा आकडा, ८६ होता, दुसऱ्या सायकलनंतर ११० आला, म्हणजे औषध लागू पडत नाहीये का? स्कॅन तीन आठवड्यांनी आहे, तोवर झोप कशी लागायची? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, बाबांना सांगायचं का?

पायवाट

ताई, मी स्वतः पेशंट आहे. चौथी स्टेज, आधी लिव्हर आणि नंतर फुप्फुस. निदानाला चार वर्षं होऊन गेली. त्यामुळे मी जे लिहितोय ते बाबांच्या बाजूने.

त्यांना माहीत आहे.

खरंच सांगतो, माहीत असतंच. केमोच्या खोलीत शेजारच्या खुर्चीवरचा माणूस पहिल्याच दिवशी विचारतो, कुठे आहे, कितवी सायकल, किती पसरलाय. त्यालाही तेच औषध चालू असतं आणि तो त्याच्या आजाराबद्दल मोकळेपणी बोलतो. डॉक्टर पोट तपासताना दर वेळी उजव्या बरगडीखाली जास्त वेळ का दाबतात, हेही माणसाच्या लक्षात येतं. मुलगा आधी एकटा आत जातो, याचा अर्थ तर लहान मुलालाही कळेल.

आमच्याकडेही हेच झालं होतं. बायको आणि मेहुणे बाहेर बोलायचे आणि तोंड धुऊन, चेहरा सारखा करून खोलीत यायचे. ते माझ्यासाठी नाटक करत होते आणि मी त्यांच्यासाठी. सहा आठवडे. आजाराची भीती होतीच, पण ते सहा आठवडे ज्या एकटेपणात गेले तसा एकटेपणा नंतर कधी वाट्याला आला नाही, अगदी फुप्फुसाचं कळलं तेव्हाही नाही.

एका रात्री केमोच्या औषधाचा पंप लावलेला होता, दोघंही जागे होतो. अंधारात मी विचारलं, "लिव्हरमध्ये किती आहेत?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सात." मी म्हटलं, "बरं." त्यानंतर आम्ही दोघंही झोपलो. कित्येक दिवसांनी नीट झोपलो.

म्हणून घरातल्यांनी आपापसांत "सांगायचं की नाही" यावर खल करत बसू नये. बाबांनाच विचारा. "बाबा, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय? सगळं, की थोडं, की आम्हीच बघावं?" ते म्हणाले, "तुम्हीच बघा," तर तसं करा. तोही त्यांचाच निर्णय. पण विचारा.

आणि बटणं त्यांना लावू द्या. वीस मिनिटं लागली तरी लागू द्या. मदत हवी का, असं विचारलं तर माणसाला राग येत नाही. न विचारता हात पुढे आला की येतो.

निळीशाई

"सात" वाचून थांबले. आमच्याकडे तो आकडा शेवटपर्यंत कोणी उच्चारला नाही. नंतर सविस्तर लिहीन, आज जमणार नाही.

दीपमाळ

उंबरठा, मी नर्स आहे. कॅन्सर वॉर्डात आणि नंतर स्टोमाच्या पेशंट्सबरोबर बरीच वर्षं काम केलंय. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला सगळ्यात आधी, हे धरून वाचा.

बोटांच्या मुंग्या फोलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधामुळे येतात. त्या दोन प्रकारच्या असतात आणि हा फरक घरच्यांना माहीत हवा. पहिला प्रकार थंडीने चाळवणारा. औषध दिल्यावर काही दिवस थंड पाणी, फ्रिजमधली वस्तू, गार वारा, लोखंडी कडी, कशालाही हात लागला की टोचतं. थंड काही प्यायलं तर घशात अडकल्यासारखं, श्वास कोंडल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा होतं तेव्हा पेशंट फार घाबरतो. हे काही दिवसांत ओसरतं. हातमोजे, पायमोजे, कोमट पाणी आणि फ्रिज उघडायचं काम दुसऱ्या कोणाकडे, एवढं केलं तरी पुष्कळ फरक पडतो.

दुसरा प्रकार साठत जाणारा. सायकली वाढतात तशा मुंग्या दोन डोसांच्या मधल्या दिवसांतही राहायला लागतात. मग बटणं, चावी, पेन हाताळणं अवघड होतं, तळपाय बधिर होतात आणि चालताना तोल जातो. हे डॉक्टरांना सांगावंच लागतं, कारण रक्ताच्या तपासणीत ते दिसत नाही. डोस कमी करता येतो, ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवून बाकीची औषधं चालू ठेवता येतात. आणि थांबवल्यावरही काही महिने त्रास वाढू शकतो, म्हणून "अजून सोसतंय" म्हणत ताणू नये. पुष्कळ पेशंट मुद्दाम लपवतात. औषध कमी केलं तर कॅन्सर वाढेल अशी भीती असते. बाबांना थेट विचारा की केमोच्या आदल्या दिवशी बटणं लागतात का. आदल्या दिवशीही लागत नसतील, तर ते त्यांच्या पुढच्या भेटीत पहिलं वाक्य असायला हवं.

सीईएबद्दल. नुसत्या एका आकड्यावर कोणी औषध बदलत नाही. केमो सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गाठीतल्या पेशी मरतात तेव्हा सीईए तात्पुरता वर जाऊ शकतो आणि मग उतरतो. तसंच होतंय असं मी म्हणत नाही, पण स्कॅन होईपर्यंत त्या ११० वरून निष्कर्ष काढू नका. काही जणांच्या गाठी तर सीईए तयारच करत नाहीत, त्यांच्यात आकडा साधा असूनही आजार असतो.

ताप मात्र कधीही अंगावर काढू नका. ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्र असो वा दिवस, लगेच हॉस्पिटलला फोन. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तेव्हाचा संसर्ग काही तासांत हाताबाहेर जातो. आधी तापाची गोळी देऊन उतरतो का बघू, हे करू नका. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग वाढतच राहतो. थर्मामीटर उशाशी ठेवा.

स्टोमाचं कोण बघतं? बाबा स्वतः करतात का?

उंबरठा

दीपमाळताई, खूप खूप आभार. आदल्या दिवशीही मुंग्या असतात का, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

स्टोमाची पिशवी आई बदलते. बाबा तोंड फिरवून झोपून राहतात. कडेने गळतं, कातडी लाल झालीय, त्यामुळे ते बाहेर पडायला तयार नसतात.

दीपमाळ

कडेची कातडी लाल होते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. ऑपरेशननंतर स्टोमाला सूज असते आणि ती सहा ते आठ आठवड्यांत उतरते, पण घरात पिशवीच्या चिकटपट्टीला सुरुवातीच्याच मापाचं भोक कापत राहतात. भोक मोठं, स्टोमा लहान, मधल्या उघड्या कातडीवर मळ बसतो. परत माप घ्या. भोक स्टोमापेक्षा जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मोठं असावं. कातडी कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करायची, तेल-क्रीम लावायचं नाही, चिकटपट्टी धरत नाही. पट्टी लावल्यावर तळहात मिनिटभर ठेवून ऊब द्यायची. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, पूर्ण भरू दिली तर वजनानेच सुटते. केमोनंतर दोन दिवस मळ-मूत्रात औषध असतं, तेव्हा आईंनी हातमोजे घालूनच करावं.

स्टोमाला स्पर्शाची संवेदना नसते, हे बाबांना सांगा. लाल दिसतो म्हणून दुखेल असं वाटतं आणि माणूस हात लावायला धजत नाही. माझ्या एका पेशंटला मी आरसा दिला होता. पहिल्या दिवशी नुसतं बघायचं, दुसऱ्या दिवशी जुनी पट्टी काढायची, चौथ्या-पाचव्या दिवशी नवी लावायची. महिन्याभरात ते बाथरूमचं दार आतून लावून घ्यायला लागले. दार लावून घेता येणं ही केवढी मोठी गोष्ट असते, ते धडधाकट माणसाच्या लक्षात येत नाही.

सांजवेळ

माझ्या ओळखीत एकांनी साखर पूर्ण बंद केली आणि वनस्पतींचा एक अर्क सुरू केला, त्यांना खूप आराम पडला. कॅन्सरच्या पेशी साखरेवरच जगतात असं वाचलंय. केमो चालू ठेवूनच करायचं, नुकसान तर काही नाही ना? आपुलकीने सुचवलं, गैरसमज नसावा.

कवडसा

सांजवेळ, आपुलकी पोचली, पण नुकसान होऊ शकतं म्हणून लिहितो. मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे पेशंटच्या वेदना आणि त्रास कमी करण्याच्या विभागात, डॉक्टर आहे.

शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते, मेंदू तर सगळ्यात जास्त. खाण्यातली साखर तोडली तरी लिव्हर ती बनवत राहतं. पेशंटचं वजन मात्र उतरतं, आणि या आजारात वजन टिकवणं हे स्वतःच एक काम असतं. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी.

अर्कांबद्दल जास्त काळजी वाटते. आतड्याच्या कॅन्सरमध्ये पुढे इरिनोटेकान हे औषध येऊ शकतं. सेंट जॉन्स वर्ट नावाची वनस्पती, जी काही देशांत उदासीपणावर घेतात, ती या औषधाची रक्तातली कामाची पातळीच कमी करते. म्हणजे त्रास तेवढा सोसायचा आणि औषध अर्धवट. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांबरोबर फॉलिक अ‍ॅसिडचे मोठे डोस घेतले तर उलट होतं, त्रास वाढतो. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर कॅपेसिटाबिनने रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जे काही घेताय ते, जीवनसत्त्वाची साधी गोळीसुद्धा, कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा.

उंबरठा, इम्युनोथेरपीचं उत्तर बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये आहे. त्यात एमएसआय किंवा एमएमआर असं लिहिलेलं शोधा. पेशीत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी जी यंत्रणा असते ती काही गाठींत बिघडलेली असते. अशा गाठींत चुकांचा ढीग साठतो, म्हणून प्रतिकारशक्तीला त्या परक्या म्हणून ओळखू येतात आणि इम्युनोथेरपी तिथे फार चांगलं काम करते. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला अशा पेशंटसाठी पहिल्याच टप्प्यात वापरायची मान्यता अमेरिकेत २०२० मध्ये मिळाली. पण चौथ्या स्टेजच्या शंभरातल्या जेमतेम पाचांची गाठ अशी असते. बाकीच्यांना आजच्या घडीला एकट्या इम्युनोथेरपीचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून देत नाहीत. तुमच्यापासून काही लपवलं जात नाहीये. त्याच रिपोर्टमध्ये केरास, एनरास, बीरॅफ या जनुकांची तपासणीही असेल. सेटुक्सिमॅबसारखं औषध द्यायचं की नाही ते त्यावर ठरतं. केरासमध्ये म्युटेशन, म्हणजे बदल, असेल तर ते सहसा देत नाहीत.

वळचण

झोपेचं विचारलंयस म्हणून. स्कॅनच्या आधीच्या रात्री मी आकडे शोधत बसायचे. चौथी स्टेज किती महिने, हेच शंभर वेळा. सापडायचा तो मीडियन असायचा. मीडियन म्हणजे निम्मे लोक त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे. पलीकडचे किती पलीकडे, ते त्यातून कळतच नाही.

स्टीफन जे गूल्ड नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. १९८२ साली त्यांना पोटातला मेसोथेलिओमा निघाला, हा वेगळा कॅन्सर, पण तितकाच अवघड. ग्रंथालयात जाऊन बघितलं तर मीडियन आठ महिने. त्यांनी आकडेवारी जाणत्या नजरेने वाचली, आलेखाचं उजवं शेपूट लांबलचक आहे हे पाहिलं आणि आपण त्या शेपटात का असू शकतो याचा विचार केला. ते २००२ पर्यंत जगले. सगळ्यांचं असं होत नाही, माझ्या भावाचं झालं नाही. पण तो आकडा माझ्या भावाचा कधीच नव्हता, हे मला उशिरा कळलं.

आमच्या घरात एक नियम केला होता. रात्री नऊनंतर कोणी शोधाशोध करायची नाही. प्रश्न वहीत लिहायचे आणि वही डॉक्टरांकडे न्यायची. मी तो नियम अनेकदा मोडला, तरी निम्म्या रात्री वाचल्या.

उंबरठा

नऊ दिवसांनी लिहितेय. विचारलं.

आई आणि दादाला आधी सांगितलं की मी विचारणार आहे. आई रडली, दादा चिडला. मी विचारलंच. बाबा खिडकीशी बसले होते. मी पायवाटकाकांचंच वाक्य वापरलं, "किती जाणून घ्यायचंय?" बाबा म्हणाले, "फाइल दे."

सगळी फाइल वाचली. चष्मा लावून, पानं क्रमाने लावून, दीड तास. लिव्हरच्या पानावर थांबले आणि म्हणाले, "हे मला ऑपरेशननंतर दहा दिवसांतच कळलं होतं. तुम्ही सगळे इतक्या हळू आवाजात बोलायला लागलात."

सगळं गोड झालं असं नाही. ते दादाशी दोन दिवस बोलले नाहीत. "माझ्या आजाराचे निर्णय माझ्याआधी तू घेतलेस," एवढंच म्हणाले. दादाला ते फार लागलं. त्याचाही जीव तुटतच होता, म्हणूनच तो आधी आत जायचा, वाईट बातमी आधी आपण झेलावी म्हणून. तिसऱ्या दिवशी दोघं एकत्र डॉक्टरांकडे गेले. बाबांनी विचारलं, "या औषधाने मी बरा होणार आहे का?" डॉक्टर म्हणाले की आजार ताब्यात ठेवणं हा हेतू आहे, गाठी पुरेशा आकसल्या तर लिव्हरचे सर्जन परत बघतील, पण तसं होईलच असं आत्ता सांगता येत नाही. बाबांनी वहीत लिहून घेतलं. बाहेर आल्यावर दादाने गाडी काढली नाही, दोघं तशीच पार्किंगमध्ये बसून होती. काय बोलले ते मला माहीत नाही.

मुंग्यांचंही बाबांनी स्वतः सांगितलं. आदल्या दिवशी बटणं लागतात, म्हणजे सध्या पहिलाच प्रकार. रिपोर्टप्रमाणे बाबांची गाठ एमएसआय प्रकारची नाही आणि केरासमध्ये म्युटेशन आहे. कवडसा, तुम्ही लिहिलंत म्हणून मला ते पान वाचता आलं.

पायवाट

रागावले ते बरं झालं ताई. कित्येक दिवसांत त्यांच्यावर कोणी रागावलं नसेल आणि त्यांनाही कोणावर रागावता आलं नसेल.

कवडसा

एक गोष्ट आत्ताच सुचवतो, कारण लोक ती फार उशिरा करतात. पॅलिएटिव्ह केअरच्या टीमला आत्ताच भेटा, उपचार चालू असतानाच. नाव ऐकलं की घरचे दचकतात, म्हणजे आता काही उरलं नाही असं धरून चालतात. तसं नाही. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या पेशंटांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना तेच उपचार अधिक सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटात उदासी कमी होती, आयुष्य जास्त सुसह्य होतं आणि त्यांचं मीडियन आयुष्य पहिल्या गटापेक्षा अडीच महिन्यांहून थोडं जास्त होतं. आजार वेगळा, पण मळमळ, वेदना, झोप, भीती हे सगळं कोणत्याही पसरलेल्या कॅन्सरमध्ये सारखंच असतं.

मॉर्फिनची भीतीही काढून टाका. वेदनेसाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होतो असं सहसा घडत नाही आणि ते सुरू केलं म्हणजे शेवट आला असंही नाही. त्रास होतो तो बद्धकोष्ठतेचा आणि तो आपोआप जात नाही, म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचं औषध सुरू व्हायला हवं. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग ओसरते. दुखणं वाढल्यावर घेण्यापेक्षा घड्याळ लावून वेळेवर घेतलं तर कमी डोसात भागतं. वेदना सोसण्यात सगळी ताकद गेली तर माणसाकडे बोलायला, वाचायला, भांडायला काही उरत नाही.

अजून एक, तुम्हा भावंडांसाठी. आई-वडील, भावंडं यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, साधारण चाळिशीत, किंवा घरातल्या पेशंटचं निदान झालं त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा सुरू करायची असते. तुमच्या बाबतीत चाळीस. घरात अनेकांना किंवा तरुण वयात झाला असेल तर लिंच सिंड्रोमची, म्हणजे या कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, तपासणी करतात, तिथे वेळापत्रक बरंच अलीकडचं असतं.

निळीशाई

आज लिहिते.

माझे यजमान गेले त्याला दोन वर्षं झाली. शेवटच्या दोन महिन्यांत मी त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडले ती खाण्यावरून. दोन घास घ्या, एक तरी घ्या. त्यांना वासही सहन व्हायचा नाही. मला वाटायचं, खाल्लं तर ताकद येईल, ताकद आली तर पुढची केमो घेता येईल. माझ्या हातात तेवढीच एक गोष्ट उरली होती. नंतर कळलं की आजार त्या टप्प्याला गेला की शरीर अन्न वापरूच शकत नाही, जबरदस्तीने भरवून वजन वाढत नाही, फक्त मळमळ वाढते. ते खात नव्हते म्हणून जात नव्हते. आजार पुढे गेला होता म्हणून खाता येत नव्हतं. हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर त्या दोन महिन्यांतली जेवणाची वेळ मी त्यांचा हात धरून बसले असते.

उंबरठा, तुझ्या आईला हे आत्ता वाचायला देऊ नकोस, अजून वेळ आहे. पण लक्षात ठेव.

आणि आईची झोप बघ. रात्रीची पिशवी दोन दिवस तू बघ, दोन दिवस दादा. मी नऊ महिने सलग एकटीने केलं आणि मदत मागितली नाही. तेव्हा मला तो अभिमान वाटायचा. माझी पाठ अजून दुखते.

उंबरठा

सात महिन्यांनी धागा वर काढतेय. अधूनमधून विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार.

पहिल्या स्कॅनमध्ये गाठी आकसल्या होत्या, सीईएही उतरला होता. आठव्या सायकलनंतर केमोच्या आदल्या दिवशीही बटणं लागेनाशी झाली, बाबांनी ते स्वतः सांगितलं आणि ऑक्सॅलिप्लॅटिन थांबवलं. बाकीची औषधं चालू आहेत. लिव्हरच्या सर्जननी दोनदा बघितलं, ऑपरेशन जमणार नाही म्हणाले, गाठी दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आहेत. तो दिवस वाईट गेला. ताज्या स्कॅनमध्ये वाढ नाही, नवीन काही नाही.

पिशवी बाबा स्वतः बदलतात. बाथरूमचं दार आतून लावून घेतात. दीपमाळताई, हे खास तुमच्यासाठी.

बटणं अजून नीट लागत नाहीत. दादाने बटण ओढायचं एक साधन आणून दिलं, लाकडी मूठ आणि पुढे तारेची वाटी. बाबा सकाळी ते घेऊन आरशासमोर उभे राहतात. आम्ही त्या वेळी त्या खोलीत जात नाही.

पाणंद

नमस्कार. सगळा धागा एका बैठकीत वाचला. माझ्या यजमानांची पहिली केमो उद्या. तेच औषध, ४६ तासांचा पंप लावून घरी पाठवणार आहेत. ते काही बोलत नाहीत, पण रात्री तो लावून झोपायचं कसं, याची त्यांना भीती वाटतेय असं मला वाटतं. कोणी सांगाल का?

उंबरठा

पाणंदताई, बाबांना विचारलं. ते सांगतायत, मी टाइप करतेय.

"आधी त्यांनाच विचारा भीती कशाची वाटते. मला सुई निघून येईल याची वाटत होती, बायकोला वाटलं दुखण्याची.

माझा पंप म्हणजे बाटलीत औषधाने भरलेला फुगा. तो स्वतःच हळूहळू आकसतो आणि औषध पुढे ढकलतो. आवाज नाही, बॅटरी नाही. तुम्हाला बॅटरीचा दिला तर तो थोडा आवाज करेल, त्याची गजराची खूण आधी समजून घ्या. पहिल्या रात्री फुगा लहान होताना दिसतच नाही, वाटतं की बंद पडलाय. मी दर तासाला उठून बघत होतो. बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बघा, तेव्हा फरक कळतो. नळीवर एक छोटा तुकडा असतो, तो कातडीला चिकटवून ठेवायला सांगतात, अंगाच्या उबेवर औषधाचा वेग ठरतो. तो सुटलेला नाही ना, एवढं झोपताना पाहायचं.

नळी शर्टाच्या आतून घ्या, बाहेर राहिली तर दाराच्या कडीत अडकते. माझी अडकली होती. बाटली कमरेच्या पिशवीत, झोपताना ती पिशवी उशीशेजारी, अंगाच्याच पातळीवर. पोर्ट, म्हणजे औषधासाठी छातीत कातडीखाली बसवलेली डबी, ज्या बाजूला असेल त्या कुशीवर झोपू नका, एक लहान उशी छातीशी धरली की आपोआप कूस बदलली जात नाही. औषध गळलंच तर त्या औषधाला उघडा हात न लावता नळीची कळ बंद करून हॉस्पिटलला फोन करायचा, तो नंबर आजच भिंतीवर लावा.

पहिल्या रात्री कोणीतरी जागं राहावं असं वाटेल. राहिलं तर चालेल, पण दिवा बंद करून बोलत पडा. मला अंधारात बोलणं सोपं गेलं."

थांबा, अजून एक सांगतायत. "शर्ट पुढून बटणांचा घाला. डोक्यातून काढायचा शर्ट घातला तर ४६ तास अंगातून निघत नाही."